तात्यांचे बोल

माझा भाऊ सेबेस्टियन विनोदी लेखक आहे असं भुईगावात सांगितलं की लोक हसतात. त्याच्या विनोदाला नव्हे, सांगणाऱ्याला. मी शाळेत मुलांना शिकवते, खोटं बोलायची मला सवय नाही, तरी माझ्या तोंडाकडे बघून हसतात. आता मी सांगणंच सोडलंय. पण एकदा सगळं नीट लिहावं असं फार दिवस मनात होतं, कारण त्याच्या लिहिण्यात हसण्यासारखं जे काही होतं ते आमच्या बाबांचं होतं, आणि ते मला आणि सेबूलाच माहीत आहे.

आमचे बाबा, आल्बर्ट लोपीस, वाडीवाले माणूस. केळी, पानवेल, विहिरीकडेला थोडी भाजी. शाळा त्यांनी चौथीतच सोडली होती. पण गाव त्यांना ओळखत होतं ते टोस्टसाठी. आमच्याकडे लग्नात केक कापून झाला की कुणीतरी माइक हातात घेऊन नवरा-नवरीसाठी दोन शब्द बोलतो, मग सगळे पेला उंचावतात. बहुतेक ठिकाणी हे काम एखाद्या शिकल्यासवरल्या काकांकडे जातं आणि ते उपदेश करून करून लोकांची भूक मारतात. आमच्या भागात मात्र टोस्ट म्हणजे आल्बर्ट. हॉल मिळाला नाही तर दारात मांडव घालू, पण आल्बर्टकाका मोकळे आहेत का ते आधी बघा, असं लोक म्हणायचे.

बाबा उभे राहिले की आधी नवरीच्या बापाकडे बोट दाखवायचे. "हा रडतोय बघा. पोरगी चालली म्हनून रडतोय, का जेवायला कोन कोन आलाय ते बघून रडतोय, ते मी विचारनार नाय." मग फादरांकडे वळायचे. "फादरनी संसाराबद्दल सांगितलं ते ध्यानात ठेवा पोरांनो. पानी किती खोल हाय ते काठावर बसलेल्यालाच निवांत सांगता येतं. आमच्या नाकातोंडात जातं, आमाला बोलायला कुठं होतंय?" फादर सगळ्यात जास्त हसायचे. आमची आई मटिल्डा पहिल्या रांगेत बसून रागावल्यासारखं करायची, आणि तिचाही नंबर लागायचाच. तिचा राग केवढा ते आमच्या केळीच्या घडावरून ओळखा, ती तापली की मी वाडीत शिंपायला जातो, असं बाबा सांगायचे. हे सगळं ते कधी लिहून नेत नसत. उभे राहायचे आणि तोंडात यायचं.

सेबू याच्या अगदी उलट. माइक दिसला की त्याला घाम फुटायचा. चार माणसांत बोलायची वेळ आली तर हा चप्पल शोधत बाहेर. पण ऐकायचा फार छान. बाबा बोलत असले की खाली मान घालून बसायचा आणि एक शब्द सांडू द्यायचा नाही. वसईच्या एका पतपेढीत कारकून होता तेव्हापासून आमच्या चर्चच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या, मासिकात आणि दोन-चार दिवाळी अंकांत त्याच्या विनोदी गोष्टी छापून यायच्या. त्यातली एक सुधाकररावांच्या वाचनात आली. सुधाकरराव म्हणजे टीव्हीवरचं तेव्हाचं मोठं प्रस्थ. मालिका त्यांची, दिग्दर्शन त्यांचं, आणि 'लेखन' या शब्दाखाली नावही त्यांचंच. प्रत्यक्षात लिहिणारे लोक अंधेरीच्या एका खोलीत बसून लिहायचे, आणि कोण काय लिहितं ते बाहेर बोलायचं नाही हा तिथला रिवाज होता. सेबू नोकरी सोडून त्या खोलीत जाऊन बसला.

'तात्या आहेत घरात' ही ती मालिका, दर गुरुवारी संध्याकाळी लागायची. गिरगावच्या चाळीतले एक निवृत्त हेडक्लार्क तात्या, सगळ्यांना टोमणे मारणारे. पहिले तीन-चार भाग अगदीच पुळचट निघाले. मग सेबू दर रविवारी घरी यायला लागला. चर्चमधली मिस्सा झाली की बाबा ओटीवर पानांच्या जुड्या बांधत बसायचे, आल्यागेल्याशी बोलायचे, आणि सेबू जवळ बसून ऐकायचा. मध्येच उठून विहिरीपाशी जायचा आणि ओठ हलवत येरझाऱ्या घालायचा. वाक्यं पाठ करत असायचा तो, बाबांसमोर कागद काढायची त्याला लाज वाटायची. आईला वाटलं पोरगा रोजरीची प्रार्थना म्हणतोय. मुंबईला जाऊन सुधारला म्हणून तिने शेजारी हिल्डामावशीला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

तात्या एकदम लोकांच्या तोंडी बसले. बाबांचं 'पानी' तात्यांच्या तोंडी 'पाणी' झालं, वाडीचं गॅलरीतल्या कुंड्यांत रूपांतर झालं, फादरांच्या जागी गुरुजी आले. बाकी सगळं तेच. बाबांनी स्वतःचं वाक्य टीव्हीवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्यांच्या शेजारीच होते. ते आधी दचकले, मग मांडीवर थाप मारून हसले. "हा तर मीच की गो!" सेबू आला तेव्हा चोरासारखा दारात उभा होता. बाबा म्हणाले, "घे, घे. वाडीत केळं कितीबी गोड असूं दे, बाजारात गेल्याबिगर त्याला कोन इचारतो?" फक्त एक अट सेबूने घातली. हे बाहेर बोलायचं नाही, नाहीतर काम जाईल. बाबांनी आईलासुद्धा सांगितलं नाही. त्यांनी शब्द दिला आणि पाळला, आणि तिथेच त्यांचा घात झाला.

त्या मे महिन्यात शेजारच्या गास गावात एक लग्न होतं. मांडव भरलेला, बँड थांबलेला, बाबांनी माइक घेतला. नवरीच्या बापाचं ते बोलले. दोन-चार जण हसले, बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. मग काठावर बसलेल्याचं निघालं. मागून नवऱ्याचा कुणी मित्र ओरडला, "काका, हे गुरुवारी झालं! नवीन काढा!" आणि अख्खा मांडव खो खो हसला. पोरांनी टाळ्या वाजवत "तात्या! तात्या!" सुरू केलं. बाबांना तसं हसणं माहीतच नव्हतं. जन्मभर लोक त्यांच्या बोलण्याला हसत आले होते, त्यांना कुणी हसलं नव्हतं.

हातातला पेला तसाच वर धरून ते उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलले असते तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती, की अरे गाढवांनो, ते माझंच आहे, माझा पोरगा लिहितो. मी मनात म्हणत होते, बोला बाबा, खड्ड्यात गेलं ते काम. ते म्हणाले, "खरं हाय. टीवी लय बघतो मी हल्ली. जेवा पोटभर." माइक टेबलावर ठेवला आणि आईला घेऊन जेवायच्या आधीच घरी गेले.

त्यानंतर पावसाळा सरून लग्नं परत सुरू झाली, पण टोस्टला बाबांना कुणी बोलावलं नाही. आल्बर्ट टीव्हीचं पाठ करून येतो, पूर्वीचंही कुठून कुठून ढापलेलंच असणार, अशी कुजबुज मी स्वतः बाजारात ऐकली. ज्यांच्या लग्नात बाबांनी वीस वर्षांपूर्वी तेच बोलून हसवलं होतं, तीही माणसं माना डोलवत होती. माणसं टीव्हीवर इतका विश्वास ठेवतात की स्वतःच्या लग्नातलं स्वतःला आठवत नाही. मला तेव्हा इतका संताप आला होता की हातातली भाजीची पिशवी तिथेच टाकून मी निघून आले.

मी सरळ अंधेरी गाठली. सेबूला त्या खोलीतून बाहेर काढलं आणि जिन्यातच सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकला. म्हणाला, "मी गावात येऊन सांगतो सगळ्यांना."

"सांग. आजच चल."

"पण रोझी, सांगितलं तर उद्या माझं काम गेलं समज."

"आणि बापाचं गेलं ते?" मी म्हणाले. "ते काम नव्हतं?"

मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी पोटाशी धरावंसंही वाटलं. माझ्याहून तो पाच वर्षांनी लहान, त्याला मी कडेवर खेळवलाय. शेवटी म्हणाला, मी बाबांना नाव मिळवून देतो. टीव्हीनेच घेतलंय ना, टीव्हीच परत देईल.

मागायला त्याने धीर केला हे मात्र कबूल करायला हवं. सुधाकरराव गोड माणूस, कधी नाही म्हणायचे नाहीत. करू रे, पुढच्या महिन्यात करू, असं वर्ष काढलं. मालिका संपायला आली तेव्हा सेबूने त्यांना सांगितलं की बाबांच्या नावाची पाटी लावणार असाल तरच शेवटचा भाग लिहीन. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणासमोर असा उभा राहिला असेल. सुधाकरराव तयार झाले. शेवटच्या दृश्यात तात्या दारात उभे राहून हात हलवतात, चित्र थांबतं, आणि खाली पाटी येते : 'तात्यांचे बोल – आल्बर्ट लोपीस, भुईगाव.' स्वतःचं नाव सेबूने मागितलंच नाही. मागितलं असतं तर दोन्ही मिळाली असती की नाही कोण जाणे.

त्या गुरुवारी आम्ही टीव्ही ओटीवर काढून ठेवला. सेबूने गासच्या त्या लग्नातल्या घरापर्यंत जाऊन आमंत्रणं दिली होती. फादर आले, हिल्डामावशी आली, अंगणात चटया कमी पडल्या. बाबांनी मिस्सेचा सदरा घातला होता. काय दिसणार ते सेबूने त्यांना आणि मला सांगितलं होतं, बाकी कुणाला नाही. लोकांना एवढंच कळलं होतं की सेबूचं काहीतरी टीव्हीवर येणार. तेवढं आमच्या मावसभावाच्या, नेल्सनच्या कानावर गेलं, आणि नेल्सन आमच्या भागातला केबलवाला.

नेल्सनसारखा मायाळू माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्यासारखा अडाणीही. गावात कुणाचा वाढदिवस असो, कुणाच्या पोराचा चर्चमधला पहिला ख्रिस्तप्रसाद असो, टीव्हीच्या खालच्या बाजूला याची अभिनंदनाची पट्टी धावलीच पाहिजे. साड्यांचा सेल, कोंबड्यांची औषधं आणि मधूनमधून अभिनंदन. मालिका सुरू झाली तशी खाली लाल पट्टीवर पिवळी अक्षरं आली : 'भुईगावचे सुपुत्र सेबेस्टियन लोपीस यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक नेल्सन केबल व मित्रमंडळ.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेबूही हसला. एरवी पट्टी थोड्या वेळाने जायची. पण घरचा माणूस म्हणून नेल्सनने ती अर्धा तास तशीच ठेवली होती.

ती जात नाही हे आधी सेबूच्या ध्यानात आलं. तो उठला आणि नेल्सनच्या घराकडे धावत सुटला. घर चर्चच्या पलीकडे. इकडे तात्या दारात आले, हात हलवला, चित्र थांबलं. पट्टीच्या वर पांढऱ्या अक्षरांच्या वेलांट्या आणि मात्रा तेवढ्या दिसल्या. खाली नेल्सन केबल व मित्रमंडळ. मग जाहिराती लागल्या. लोकांना वाटलं, पट्टी हेच ते. नेल्सन काय, कुणाचंही अभिनंदन करतो, असं म्हणत सगळे चटया झटकून उठले. मी ओरडून सांगितलं की खाली बाबांचं नाव होतं. "असेल, असेल टीचर," असं म्हणून त्यांनी माझी समजूत काढली.

नेल्सन केकचा खोका घेऊनच आला, मागून सेबू धापा टाकत. सेबू त्याला काय काय बोलत होता आणि नेल्सनला कळतच नव्हतं आपलं काय चुकलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी सेबूला हाताला धरून बसवलं. म्हणाले, "असूं दे. नाव दिसलं नाय असं कोन म्हनतं? नेल्सनचं दिसलं की." आणि स्वतःच्या हाताने केक कापून पहिला तुकडा नेल्सनला भरवला. मी हसले आणि मग आत जाऊन रडले. बाबांचा सेबूसमोरचा तो शेवटचा विनोद.

सेबूने त्या भागाची कॅसेट मागितली. ऑफिसातून देतो देतो म्हणाले. पुढे मालिका परत दाखवली तेव्हा वेळ बसवायला शेवट कापला होता, आणि त्याबरोबर पाटीही.

त्यानंतर सेबूला कामं मिळाली, अगदी त्याच्या नावाने. दोन मालिका, एक सिनेमा, एक पुस्तक. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला त्याचं बरं चाललं होतं. पण रविवारी तो घरी आला की बाबा गप्प. पानांच्या जुड्या बांधायचे, आल्यागेल्याला "बस" म्हणायचे आणि बस. रागावून नव्हे. सेबूने एकदा न राहवून विचारलं, "बाबा, बोलत का नाही?" तर शांतपणे म्हणाले, "काय बोलू रे? बोललो की ते माझं राहत नाय." सेबू त्या दिवशी न जेवता मुंबईला गेला. तो नसला की ते मांजराशी बोलताना मी ऐकलंय, पहिल्यासारखेच. मी चाहूल दिली की थांबायचे.

मग सेबू लिहिणार तरी काय? खोटं कशाला सांगू, त्याचं पुढचं लिहिणं मला आवडलं नाही. माणसं पडायची, लुगडी नेसायची, बहिऱ्याचं सोंग घ्यायची. सिनेमा आमच्याकडे जेमतेम आठवडाभर चालला. पोस्टरवर त्याचं नाव मोठं होतं. बाबांना म्हटलं, चला बघायला, तर म्हणाले केळीला पानी द्यायचंय. पुस्तकाची पहिली प्रत त्याने बाबांच्या हातात दिली. पहिल्या पानावर 'बाबांना' एवढंच छापलं होतं. बाबांनी अक्षरावर अक्षर जोडून ते वाचलं, पुस्तक क्रुसाच्या खाली फळीवर ठेवलं आणि सेबूच्या डोक्यावर हात ठेवला. बोलले मात्र नाहीत. चॅनेलवाले सेबूला म्हणायचे, तुमच्यात आता तात्यांच्या वेळची मजा राहिली नाही. तो मान डोलवायचा. हळूहळू कामं बंद झाली आणि तो घरी परत आला, वाडी बघायला लागला. लग्न त्याने केलंच नाही. टोस्टला कोण उभं राहिलं असतं, असं एकदा म्हणाला होता, हसत.

आई गेली, आणि त्यानंतर बाबांचं विसरणं वाढत गेलं. आधी नावं, मग वाटा. मला कधी रोझी म्हणायचे, कधी मटिल्डा. सेबूला ओळखायचे, पण तो किती वर्षांचा ते हरवलं होतं. शाळेत गेला नाहीस का, म्हणून दटावायचे. सेबू त्यांचं सगळं करायचा. आंघोळ घालायचा, भरवायचा, दुपारी टीव्हीसमोर खुर्चीत बसवायचा, कारण हलतं चित्र बघून ते शांत राहायचे.

दोन हजार सहा सालची गोष्ट. शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते, सेबू बाबांना पेज भरवत होता. कुठल्याशा चॅनेलवर जुन्या मालिका लागायच्या, त्यात तात्या लागले. सेबूने बंद करायला हात पुढे केला, बाबांनी तो धरला. तात्या डॉक्टरांसमोर बसले होते. डॉक्टरने विचारलं, झोप लागते का? तात्या म्हणाले, "लागते हो छान, पण नेमका तेव्हा मी झोपलेला असतो, त्यामुळे मला तिची काही मजा घेता येत नाही."

बाबा हसले. किती वर्षांनी! खुर्ची हलेपर्यंत हसले, पेज सदऱ्यावर सांडली. आमच्या लहानपणी आगाशीच्या डॉक्टरला हेच त्यांनी सांगितलं होतं तेव्हा मी तिथे होते, सेबू माझ्या मांडीवर होता. डॉक्टर इंजेक्शन भरायचं विसरला होता.

"कसा बोलतो बघ!" बाबा सेबूला म्हणाले. "लय हुशार मानूस. तू पन काहीतरी लिहितोस ना रे? असं लिहीत जा."

सेबूच्या हातातला चमचा तसाच राहिला. "मला नाही जमत, बाबा."

"जमंल, जमंल. लोकांचं ऐकत बसायचं." त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहान पोराच्या फिरवावा तसा. "रडतोस कशाला?"

सेबू त्यांच्या पायांशी बसला. म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा ना एखादं. तुमचं."

बाबांनी खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घालून बराच वेळ शोधत राहिले. मी श्वास रोखून उभी होते, एक वाक्य, फक्त एक येऊ दे म्हणून. मग ते ओशाळून हसले.

"मी कुठला सांगतो? मी वाडीतला मानूस. आमाला काय बोलायला येतं?" आणि टीव्हीकडे बोट करून म्हणाले, "आवाज वाढव जरा. त्याचं ऐकू दे."

सेबूने डोळे पुसले आणि उठून आवाज वाढवला.